गाडी बिघडली ती तुमच्या काटकसरीमुळे नव्हे

पत्र थोडक्यात: इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र आहे. घरात एकच गाडी, २०१७ची, टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनची, साठ हजार मैलांच्या पुढे गेलेली. घरखर्चाचा हिशेब त्या बघतात, त्यामुळे गेली काही वर्षं आठवड्याचं सामान आणताना तिथल्याच सुपरमार्केटच्या पंपावर पेट्रोल भरलं जातं. या हिवाळ्यात सकाळी गाडी सुरू केली की थरथरायला लागली, पिकअपही गेला. गॅरेजवाल्याने इनटेक व्हॉल्व्हवर, म्हणजे इंजिनात हवा आत सोडणाऱ्या झडपेवर, बसलेला काळा थर फोटोत दाखवला, ३८० पाउंड घेऊन तो साफ करून दिला आणि निघताना म्हणाला, "सुपरमार्केटचं पेट्रोल टाकता ना? ते बंद करा." तेव्हापासून नवरा सात मैलांवरच्या मोठ्या कंपनीच्या पंपावर जातो आणि लिटरमागे २२ पेन्स जास्त देऊन सुपर पेट्रोल भरतो. पुण्याहून सासरे व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "घासाघीस करायची ती भाजीत. पेट्रोलमध्ये नाही." त्यांचा प्रश्न असा: "चार पैसे वाचवायच्या नादात मी गाडीचं नुकसान केलं का? नवरा तसं बोललेला नाही, पण टाकी भरताना दर वेळी तेच मनात येतं."

प्रिय मैत्रिणी,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं तुम्हाला निवांत वाचता येईल. नाही, तुम्ही गाडीचं नुकसान केलेलं नाही. तुमचं मन राखायला हे म्हणत नाहीये. गॅरेजवाल्याने दाखवलेला तो फोटोच तुमच्या बाजूने बोलतो.

तो थर कुठे होता? इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे पोर्ट इंजेक्शनच्या, इंजिनात इंजेक्टर व्हॉल्व्हच्या मागे, हवा आत येण्याच्या वाटेवर बसवलेला असतो. पेट्रोलचा फवारा व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो आणि पेट्रोलमध्ये मिसळलेलं डिटर्जंट ती पाठ धुऊन काढत राहतं. तुमच्या गाडीत मात्र इंजेक्टर थेट सिलिंडरच्या आत पेट्रोल मारतो. व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला पेट्रोल पोचतच नाही. मग स्वस्त पेट्रोल तिथे घाण करणार कसं? आणि नवरा भरतोय ते महागाचं पेट्रोल ती घाण धुणार तरी कसं?

मग तो कार्बन आला कुठून? बराचसा इंजिन ऑइलमधून. इंजिन चालू असताना पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या भागात, निसटतो आणि तिथली ऑइलची वाफ सोबत घेतो. ती बाहेर हवेत सोडायला बंदी आहे, म्हणून एका नळीतून परत इनटेकमध्ये आणलेली असते. गरम व्हॉल्व्हवर ही तेलकट वाफ बसते, भाजते, आणि थरावर थर चढत जातो. पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत तो पेट्रोलने धुतला जातो, तुमच्या गाडीत धुणारं कुणी नाही. डायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं सर्रास आली तेव्हापासून हा त्रास सगळ्यांना ठाऊक आहे. काही कंपन्यांनी त्यावर उपाय म्हणून एकाच इंजिनात दोन्ही जागी इंजेक्टर द्यायला सुरुवात केली. एकदा तुमचं बिल काढून बघा. हा थर काढायला बहुतेक ठिकाणी अक्रोडाच्या कवचांचा बारीक भुगा हवेच्या दाबाने व्हॉल्व्हवर मारतात. तसं काही लिहिलेलं असेल, तर ते या जातीच्या इंजिनाचं वय झाल्यावर करावं लागणारं काम आहे.

गॅरेजवाला तुम्हाला फसवत होता असं मात्र मला वाटत नाही. त्याच्या जागी उभं राहून बघा. ब्रिटनमध्ये खपणाऱ्या इंधनापैकी चाळीस टक्क्यांहून जास्त इंधन सुपरमार्केटच्या पंपांवर विकलं जातं. म्हणजे त्याच्याकडे बिघडून येणाऱ्या गाड्यांमध्ये सुपरमार्केटचं पेट्रोल पिणाऱ्या गाड्या भरपूर असणारच. प्रत्येकाला "पेट्रोल कुठे भरता?" विचारलं की तेच उत्तर येणार, आणि वर्षानुवर्षं तेच ऐकून माणसाची खात्री पटणार. पण त्याच दारावरून धडधाकट धावणाऱ्या गाड्यांनाही हाच प्रश्न विचारला, तर तिथेही तेच उत्तर येईल. त्या गाड्या गॅरेजमध्ये येत नाहीत, एवढंच.

आता सासऱ्यांचं म्हणणं. ते मला हसण्यावारी न्यावंसं वाटत नाही, तुम्हीही नेऊ नका. आपल्याकडे पेट्रोल-डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ हा किती मोठा धंदा होता हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय. रेशनचं रॉकेल तेव्हा सरकारी अनुदानामुळे स्वस्त असायचं, त्यामुळे ते मिसळलं की लिटरमागे सरळ नफा. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना या तेलमाफियाने जिवंत जाळलं. हे ज्यांनी वाचलंय, ऐकलंय, त्यांना पेट्रोलच्या बाबतीत "स्वस्त" या शब्दाचीच धास्ती वाटली तर नवल नाही. पण सासऱ्यांना एक गोष्ट जरूर विचारा. भेसळीची बोंब व्हायची त्या पंपांवर पाटी कुणाची असायची? नावाजलेल्या सरकारी कंपन्यांचीच. भरवसा ठेवावा लागायचा तो पंपचालकावर, आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेवर. स्वस्त इंधन आणि वाईट इंधन यांची सांगड तिथे भेसळीमुळे बसली. तुम्ही राहता तिथे पेट्रोल स्वस्त होण्याचं कारण वेगळंच आहे.

ते असं. ब्रिटनमध्ये विकलं जाणारं पेट्रोल बीएस ईएन २२८ आणि डिझेल बीएस ईएन ५९० या मानकांत बसावंच लागतं. किमान ९५ ऑक्टेन, किलोमागे १० मिलिग्रॅमच्या आत गंधक, इथेनॉलची मर्यादा, हे सगळं त्यात येतं, आणि सुपरमार्केटला त्यातून सूट नाही. पेट्रोल येतं ते थोड्याशा रिफायनऱ्यांतून किंवा आयात होऊन बंदरावरच्या साठवण डेपोत. एकाच डेपोतून वेगवेगळ्या पाट्यांच्या पंपांचे टँकर भरले जातात. मूळ पेट्रोल एकच असतं. कंपनीचं म्हणून जे काही असतं ते डिटर्जंटसारखं रसायन, आणि ते टँकर भरताना ठरलेल्या प्रमाणात आत सोडलं जातं.

किमतीचं बघा. मार्च २०२२ मध्ये इंधनावरचा कर लिटरला ५२.९५ पेन्सवर आणला गेला, त्यावर आणखी २० टक्के व्हॅट. हे दोन्ही पंपांवर सारखंच. कर आणि घाऊक किंमत वजा जाता उरतो तेवढ्याच वाट्यात पंपवाल्याला खर्च भागवायचा असतो आणि नफाही काढायचा असतो, दरातला फरकही तिथेच पडतो. सुपरमार्केटचे पंप म्हणजे एकूण पंपांपैकी साधारण पाचातला एक, पण खप जवळजवळ निम्म्याच्या आसपास. एकेका पंपावर इतकं पेट्रोल जातं की लिटरमागे थोडक्यात भागतं. शिवाय पेट्रोलसाठी आलेला माणूस दुकानात शिरून पिशवी भरून जातो, हा त्यांचा मूळ हिशेब. तुम्ही स्वतःही तेच करता, सामान आणि पेट्रोल एका फेरीत.

अर्थात सुपरमार्केट म्हणजे हमखास स्वस्त, असंही धरून चालू नका. ब्रिटनच्या स्पर्धा नियामक संस्थेने, सीएमएने, जुलै २०२३ मध्ये या बाजाराचा अहवाल दिला. २०१९ ते २०२२ या काळात सुपरमार्केटांचं लिटरमागचं सरासरी मार्जिन ६ पेन्सने वाढल्याचं त्यात दिसलं. सगळ्यात स्वस्त तरीही बहुतेक तेच होते, पण पूर्वीसारखी चुरस उरली नव्हती. दर बघून भरायची तुमची सवय चांगली आहे. ती सुपरमार्केटच्या बाबतीतही चालू ठेवा.

पाटीवर फार भरवसा ठेवू नये याचं आणखी एक उदाहरण. मॉरिसन्स या सुपरमार्केटने २०२४ मध्ये आपले ३३७ पंप मोटर फ्युएल ग्रुप या कंपनीला विकून टाकले. हीच कंपनी देशभर शेल, बीपी, एसो अशा पाट्यांचे पंप चालवते. म्हणजे तुमचा नवरा ज्या पाटीकडे जातो आणि तुम्ही जिच्याकडे जायचात, त्या दोन्हींमागे चालक एकच असू शकतो.

इथपर्यंत वाचून, मोठ्या कंपन्या काहीच वेगळं देत नाहीत असं मी म्हणतेय असं वाटेल. तसं नाही. डिटर्जंटमुळे फरक पडतो, आणि चांगला पडतो. अमेरिकेत काही गाडी-उत्पादकांनी मिळून २००४ मध्ये टॉप टियर नावाचं मानक सुरू केलं, कारण सरकारने ठरवलेलं किमान डिटर्जंट त्यांना अपुरं वाटत होतं. तिथल्या ट्रिपल-ए या वाहनचालक संघटनेने २०१६ मध्ये चाचणी घेतली. ४००० मैल चालवल्याइतकं इंजिन फिरवून बघितलं, तर टॉप टियर नसलेल्या पेट्रोलने सरासरी १९ पट जास्त कार्बन धरला. आकडा मोठा आहे. पण त्या टॉप टियरच्या यादीत कॉस्टको आहे, म्हणजे स्वस्तात देणारं, घाऊक दुकानाला जोडलेलं पेट्रोल. चांगलं आणि साधं पेट्रोल यांमधली रेघ सुपरमार्केट आणि कंपनी यांच्यामधून जात नाही. डिटर्जंट किती घातलंय, यावरून ती ठरते. ब्रिटनमधली पंचाईत अशी की तिथे असं लेबल नाही, आणि कोण किती घालतो हे कुणी पंपावर लिहून लावत नाही.

दुसरी गोष्ट २००७ची. कदाचित नवऱ्याच्या किंवा गॅरेजवाल्याच्या मनात तीच असेल. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस दक्षिण-पूर्व इंग्लंडमध्ये गाड्या अचानक बंद पडायला लागल्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी टेस्को आणि मॉरिसन्सच्या पंपांवर पेट्रोल भरलेलं होतं. नेहमीच्या चाचण्यांत पेट्रोल बिनदोष निघत होतं. मग कळलं की त्यात सिलिकॉन शिरलंय, आणि नेहमीच्या चाचण्यांत ते तपासलंच जात नव्हतं. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरवर त्याचा थर बसला की सेन्सर चुकीचं सांगायचा आणि इंजिन ओढायचं बंद व्हायचं. माग काढता तो एसेक्समधल्या थेम्सकाठच्या साठवण डेपोपर्यंत गेला. सुपरमार्केटांनी ते पेट्रोल काढून घेतलं, भरपाईही दिली. "सुपरमार्केटचं पेट्रोल वाईट" ही समजूत पक्की होण्यात या घटनेचा मोठा हात आहे. पण तो अपघात डेपोतला होता, आणि डेपो तर सगळ्यांनाच लागतो.

आता तुमच्या घरातल्या पेचाकडे येऊ. मला वाटतं, तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टी एकाच वादात मिसळताय. एक म्हणजे पंप कुठला, आणि दुसरी म्हणजे पेट्रोल कुठल्या प्रतीचं. नवऱ्याने एका झटक्यात दोन्ही बदललं. सुपरमार्केटच्या साध्या ई-१० वरून (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल) कंपनीच्या सुपरवर. ते २२ पेन्स मुख्यतः प्रतीचे आहेत, पाटीचे थोडेच. तुमच्या शहरातले साध्या पेट्रोलचेच दर शेजारी शेजारी ठेवून बघा, फरक सहसा काही पेन्सांचा निघतो. आणि सुपर हवंच असेल तर ते सुपरमार्केटमध्येही मिळतं. टेस्कोचं मोमेंटम ९९ ऑक्टेनचं आहे.

सुपरचा तुमच्या गाडीला उपयोग किती? पेट्रोलच्या झाकणाच्या आत बघा. बहुतेक गाड्यांवर "९५" लिहिलेलं असतं. तसं असेल तर इंजिन ९५साठीच बनवलंय आणि त्यावर सुखाने चालतं. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद नव्हे. दाबाखाली आपोआप न पेटता टिकून राहण्याची ती क्षमता आहे, आणि ती वापरण्याजोगी बांधणी इंजिनात नसेल तर ते पैसे वाया जातात. "९८" लिहिलेलं असेल, किंवा मॅन्युअलमध्ये सुपरची शिफारस असेल, तर मात्र वाद नको, तेच भरा. सुपरमधल्या जास्तीच्या डिटर्जंटचा तुमच्या इंजेक्टरच्या तोंडाला थोडाफार फायदा होतो, हे खरं. व्हॉल्व्हला होत नाही, आणि तुम्ही ३८० पाउंड दिले ते व्हॉल्व्हसाठी.

पैशांचा हिशेब तुम्हाला आवडतो, म्हणून मांडते. ४५ लिटरची टाकी धरली तर २२ पेन्सांचे दर वेळी ९ पाउंड ९० पेन्स होतात. महिन्याला दोन टाक्या, म्हणजे वर्षाला जवळजवळ २३८ पाउंड. सात मैल जाऊन सात मैल यायला दीड लिटरच्या आसपास पेट्रोल जळतं, ते वेगळं. यातल्या निम्म्याहून कमी पैशांत गाडीचं ऑइल वेळेआधी बदलता येईल, आणि तुमच्या इंजिनाला खरी गरज त्याचीच आहे. हे तुम्ही मनावर घ्यावं असं मला फार वाटतं. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला. सर्व्हिसची तारीख लांबवू नका. उलट आठवडाभर गाडी फक्त शाळा आणि दुकान एवढीच फिरत असेल तर थोडी अलीकडे आणा, कारण थंड इंजिनावरच्या छोट्या फेऱ्यांनी ऑइल लवकर खराब होतं. अधूनमधून हमरस्त्यावर अर्धा तास तरी गाडी नीट गरम होईपर्यंत चालवा. आणि क्रँककेसची वाफ परत आणणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह ठीक आहे ना, हे पुढच्या वेळी तपासून घ्या. तो खराब असेल तर आज साफ केलेला थर लवकरच परत बसेल, मग पेट्रोल कुठलंही भरा.

नवऱ्याला तरीही सुपर भरावंसं वाटत असेल, तर एक मधला मार्ग आहे. रोजचं साधंच पेट्रोल, जवळच्या आणि भरपूर खपाच्या पंपावरून. मग दर चार-पाच टाक्यांमागे एकदा, वाटेत पडेल तेव्हा, सुपर. इंजेक्टरपुरतं तेवढं पुरे. त्यासाठी मुद्दाम सात मैल जायची गरज नाही.

अशीच पत्रं आणखी काही जणांची आहेत, म्हणून त्यांच्यासाठीही थोडं. गाडी जुनी, पोर्ट इंजेक्शनची असेल तर डिटर्जंटचा मुद्दा तुम्हाला जास्त लागू आहे, तिथे अधूनमधून सुपर भरणं पैसे वसूल करून देतं. गाडी २०११च्या आधीची असेल तर ई-१० चालतं का ते सरकारच्या संकेतस्थळावर बघून घ्या. ग्रेट ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० झालं आहे, आणि ज्या गाड्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी सुपर ई-५मध्ये मिळतं. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीतही ई-५च बरं, कारण इथेनॉल पाणी ओढतं. डिझेलवाल्यांनी पंपाच्या नावापेक्षा गाडी फक्त गल्लीबोळातच फिरतेय का, हे आधी बघावं. धुरातली काजळी अडवणारा त्यांचा फिल्टर बहुधा त्यानेच तुंबतो. आणि पंप निवडताना, जिथे दिवसभर रांग असते तो घ्या. तिथे टाकीतला माल पटापट बदलतो. आडवाटेच्या, कमी खपाच्या पंपावर पेट्रोल जमिनीखाली जास्त दिवस पडून राहतं आणि त्यात पाणी शिरायची शक्यता वाढते. रोज सामानाच्या गर्दीबरोबर रिकामी होणारी सुपरमार्केटची टाकी या बाबतीत उलट उजवी ठरते.

पेट्रोल भरल्यावर लगेच, त्याच दिवशी गाडी अडखळायला लागली, तर गोष्ट वेगळी. पावती जपून ठेवा, टाकी घाईने रिकामी करू नका, गॅरेजमध्ये इंधनाचा नमुना काढून घ्या आणि सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी खात्याकडे, तक्रार करा. तुमच्या बाबतीत तसं झालेलं नाही. तुमच्या गाडीतला थर साठ हजार मैलांत हळूहळू साठलाय.

राहिला नवरा. तुम्ही लिहिलंय की तो तसं बोललेला नाही. मग त्याच्या मनात तेच आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत? गाडी पुन्हा बंद पडेल या काळजीने, हातात असलेली एकमेव गोष्ट म्हणून तो सात मैल जात असेल. ती काळजी योग्य जागी लावायला त्याला मदत करा. बिल आणि तो फोटो समोर घेऊन बसा, इंजेक्टर कुठे आहे आणि व्हॉल्व्ह कुठे, हे दोघं मिळून बघा. आणि गॅरेजवाल्याला फोन करून फक्त दोन गोष्टी विचारा: "या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हवर पडतं का? आणि पीसीव्ही तपासला होता का?" फोन नवऱ्यालाच करू द्या.